उद्याची सोबत

मोहगुड्यात मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. घरात, अंगणात, वावरात कुठंच नाही. त्यामुळं संध्याकाळी पाणी भरायच्या वेळी टाकीच्या ओट्यावर घागरींच्या शेजारी चार-दोन मोबाईलही ठेवलेले असत, आणि दिवसभर अडकून पडलेले निरोप एकापाठोपाठ येऊन वाजत. शाळेचा निरोप वाचून दाखवायचं काम रंजीता सिडामकडे होतं. ते तिला कोणी नेमून दिलं नव्हतं. गुड्यातल्या, म्हणजे त्या गोंड वस्तीतल्या, सुनांमध्ये दहावीपर्यंत गेलेली ती एकटी होती आणि वाचताना अडखळत नसे, एवढंच. सरांनी लिहिलेलं ती आधी मराठीत जसंच्या तसं वाची, मग गोंडीत सांगे. म्हाताऱ्यांना गोंडीतच नीट कळायचं, आणि सरांचे काही शब्द असे असत की ते दोनदा ऐकूनही बायकांच्या हाती लागत नसत.

शाळा आंबेबोडीला होती. पायवाटेनं अर्ध्या तासावर. मधे नाला, आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना साग-बांबूचं रान. त्या वर्षी आषाढात नाल्यापाशी कोलू मडावीचा बैल वाघानं मारला. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, झाडाला कॅमेरा बांधला, एकट्यानं रानात जाऊ नये असा फलक ठोकला आणि जीप निघून गेली. गुड्याला वाघ नवा नव्हता. मोठी माणसं कामाला जात राहिली. लेकरं मात्र घरी बसली. सकाळी दप्तरं पाठीला लावून ती टाकीच्या ओट्यावर येत, कोणी न्यायला नाही असं पाहून पुन्हा घरात शिरत, आणि थोड्या दिवसांनी दप्तरं लावायचीही सुटली.

शाळेवर प्रफुल निमसरकार नावाचे मास्तर होते. राजुऱ्याचे. रोज मोटारसायकलनं येत-जात. मोहगुड्याची एकही हजेरी लागत नाही हे पाहून एक दिवस ते गाडी नाल्याअलीकडे ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गुड्यात आले. इतवारीबाबाच्या अंगणात सगळे जमले. इतवारी गुड्यातला सगळ्यात जुना माणूस. गुडघे दुखत म्हणून तो फारसा कुठं जात नसे, पण कोणतीही बैठक त्याच्या अंगणाशिवाय होत नसे.

"वाघ कधी जाईल ते माझ्या हातात नाही," सर म्हणाले. "पण लेकरं अशी बसली तर सालभर बसतील. रोज दोन मोठी माणसं द्या. सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. कोणाची बारी ते मी आदल्या दिवशी पालकांच्या मोबाईल गटावर टाकत जाईन."

"कामाची खोटी होते, सर," कोलू म्हणाला.

"होते. पण महिन्यातून दोन-तीनदाच."

इतवारीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कोणी नाही म्हटलं नाही, म्हणजे ठरलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सरांचा निरोप येऊ लागला. वर ठळक अक्षरांत 'उद्याची सोबत' आणि खाली दोन नावं. त्याच्याखाली शाळेची खबरबात. उद्या खिचडीऐवजी मटकीची उसळ आहे. लेकरांची नखं कापून पाठवावीत. चौथीच्या मुलांनी फूटपट्टी आणावी. पंधरा ऑगस्टला गोंडी नाच बसवला आहे, ज्यांच्याकडे मोरपिसं असतील त्यांनी द्यावीत, परत मिळतील. बायका ऐकत, हसत, घागरी उचलत. कोणाच्या लेकीचं नाव आलं, की ती बाई रंजीताला तेवढंच पुन्हा वाचायला लावी.

रंजीताची पुनम चौथीत होती. बाप चंदन गडचांदूरकडच्या एका खदानीत ठेकेदाराकडे कामाला होता. ठेका बदलला तसा उन्हाळ्यात घरी आला आणि घरीच राहिला. मिळेल ते काम करायचा. दारू प्यायचा, पण गुड्यात न पिणारा पुरुष शोधायलाच लागला असता. आणि चंदन पिऊन भांडायचा नाही, हात उगारायचा नाही. बसल्या जागी झोपायचा. शेजारच्या दोन घरांत काय चालतं ते रंजीता रोज ऐकत असे, त्यामुळं या बाबतीत आपलं बरं आहे असं ती आजवर समजत आली होती.

पोळा झाला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी सोबतीची बारी मंगलीची आणि चंदनची आली. मंगली ही कोलूची बायको, रंजीताची शेजारीण. सकाळी चंदन लेकरांना नीट सोडून आला. दुपारी पोळ्याची उरलेली दारू कोणाकडे तरी होती. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी तो मंगलीच्या मागं मागं निघाला तेव्हा बरा चालत होता, असं मंगलीनंच पुढं सांगितलं. शाळेपर्यंत तो गेलाही. परत येताना नाल्याचं पाणी ओलांडलं आणि तो म्हणाला, "थोडं बसतो." बसला, आणि बांबूच्या बेटाला टेकून झोपला.

मंगलीनं हाका मारल्या, खांदा हलवला, तोंडावर पाणी टाकलं. चंदन हुं म्हणे आणि पुन्हा मान टाके. सूर्य झाडांमागं गेला होता. सोबत गुड्यातली सगळी लेकरं, त्यात पहिलीतली दोन रडायला लागलेली. मंगलीनं सगळ्यांना चला म्हटलं. पुनम उठेना. तिनं बापाच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

"मी येत नाई," ती म्हणाली. "त्याले एकटं कसं सोडू."

मंगलीनं तिला ओढून पाहिलं. मग तिनं आपल्या कमरेचा विळा पुनमच्या हातात दिला, मोठ्यानं काहीतरी म्हणत राहा असं सांगितलं, आणि बाकीच्या लेकरांना घेऊन जवळजवळ पळत गुड्यात आली.

रंजीता त्या दिवशी एका वावरात निंदायला गेली होती. ती घरी पोचली तेव्हा गडी ढोल आणि काठ्या घेऊन निघत होते. कोणी तिला नीट सांगितलं नाही. मंगली समोर आली, काहीतरी बोलायला लागली आणि थांबली. रंजीता गड्यांच्या पुढं चालत सुटली. नाल्याच्या अलीकडे आली तेव्हा तिला आवाज ऐकू आला. पुनम पाढे म्हणत होती. सतराचा पाढा, खणखणीत, चुकत चुकत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बापाच्या अंगाला पाठ लावून, विळा मांडीवर ठेवून ती रानाकडे तोंड करून बसली होती.

काही झालं नव्हतं. वाघ आला नव्हता, रानडुक्करही नाही. गड्यांनी चंदनला दोन्ही काखांत धरून उठवलं आणि सगळे ढोल वाजवत घरी आले. वाटेत पुनमनं आईचा हात धरला नाही. तिनं विळा दोन्ही हातांनी धरला होता आणि तो मंगलीला परत देईपर्यंत ती कोणाशी बोलली नाही.

रंजीतानं त्या संध्याकाळी चूल पेटवली, भात टाकला, लेकीला जेवू घातलं. चंदन अंगणात पडला होता. त्याच्या अंगावर तिनं चादर टाकली, कारण डास होते. रागावायचं होतं, पण झोपलेल्या माणसावर रागावून काय मिळणार, असं तिला वाटलं. सकाळी तो उठला तेव्हा ती कामाला निघून गेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी टाकीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. रंजीतानं घागर नळाखाली लावली आणि मोबाईल उघडला. निरोप आला होता. ती नेहमीसारखी वाचायला लागली.

"उद्याची सोबत. कोलू मडावी, झाडू कुमरे. एक. नवीन गणवेश आले आहेत, पालकांनी शाळेत येऊन मुलांच्या मापाचे घेऊन जावेत. दोन. शुक्रवारी जंताच्या गोळ्या देण्यात येतील, मुलांना जेवू घालूनच पाठवावे. तीन."

इथं तिची नजर पुढं गेली होती. ती थांबली नाही, कारण थांबली असती तर सगळ्यांना कळलंच असतं.

"तीन. श्री. चंदन सिडाम यांचे नाव सोबतीच्या बारीतून तूर्त कमी करण्यात आले आहे. सर्व पालकांनी नोंद घ्यावी. चार. शनिवारी शाळा सकाळची राहील."

मग तिनं सगळं गोंडीत सांगितलं. गणवेशाचं, गोळ्यांचं, चंदनचं आणि शनिवारचं. घागर भरून वाहत होती. कोणी नळ बंद केला.

इतवारीबाबा काठी टेकत त्या दिवशी मुद्दाम आला होता. "तूर्त म्हणजे कधीवरी व?" त्यानं विचारलं.

"ते लिहिलं नाई, बाबा," रंजीता म्हणाली.

तिनं घागर डोक्यावर घेतली आणि घरी गेली. चंदन ओट्यावर बसून दोरी वळत होता. दिवसभरात त्यानं पुनमला दोनदा हाक मारली होती आणि ती दोन्ही वेळा आली नव्हती, हे रंजीताला नंतर कळलं.

"तुझं नाव काढलं सरानं," ती म्हणाली. दोघं घरात गोंडीतच बोलत.

"काढणारच."

"मोबाईलवर टाकलं."

त्याचे हात थांबले. "सगळ्यायसमोर?"

"हो."

"कोणी वाचलं?"

"कोण वाचते रोज?"

चंदननं दोरी खाली ठेवली. तो उठून घरामागं गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. रंजीतानं आग्रह केला नाही.

सिडामांच्या घरची बारी आता रंजीताची झाली. कामाचे दिवस बुडायला लागले. पहिल्याच बारीला ती लेकरांना घेऊन शाळेत पोचली तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईनं तिला हातानं बोलावलं. बायनाबाई आंबेबोडीची, तिची नातवंडंही याच शाळेत शिकून गेली होती आणि शाळेत काय घडतं ते तिच्या चुलीपाशी आधी पोचायचं.

"तुझा नवरा आला होता इथी," ती म्हणाली. "परवा. तुले सांगितलं काय त्यानं?"

"नाई."

"सराले म्हणे, नाव काढलं त्याचं काही नाई, माझी चूक आहे. पण माझ्या बायकोले ते वाचाले लावलं, ते काऊन? सर पाहातच राह्यले. त्यायले ठाऊकच नव्हतं का तिकडं तू वाचून दाखवते. त्यायले वाटे सगळे आपापल्या मोबाईलवर पाह्यते."

चंदन इतकी वाट चालून एवढं एक वाक्य बोलायला आला असेल, हे तिच्या डोक्यात बसायला वेळ लागला. ती वळली तर सर वर्गाच्या दारात उभे होते. खडू हातात तसाच.

"रंजीताबाई," ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"दुसरं कोणी वाचणारं नाई, सर."

"मी घरी येऊन सांगायला पाहिजे होतं. पण सोबत कोण आहे हे बाकीच्या पालकांना कळणंही..."

"लिहिलेलं बरोबर होतं," ती म्हणाली. "तूर्त म्हणजे कधीवरी, ते इतवारीबाबा विचारून राह्यला होता."

सरांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ते मलाही ठरवता आलं नाही, म्हणून तसं लिहिलं," ते म्हणाले, आणि आत गेले.

शाळेच्या वाटेवर पुनमला आठवडाभर चिडवलं. नाला आला की मोठी पोरं सतराचा पाढा ओरडत, मान टाकून झोपल्याची नक्कल करत. पुनम सरळ पुढं पाहत चाले. मग पहिलीतल्या दोघांना पाढा ओरडायला आवडायला लागला. त्यांना चिडवणं-बिडवणं कळत नव्हतं. त्यांच्यामागं बाकीचे. थोड्या दिवसांनी नाला आला की सगळी रांग आपोआप पाढे म्हणू लागली, आणि त्यात चिडवण्यासारखं काही उरलं नाही. सोबतीच्या माणसांनाही ते बरं वाटे. रानात आवाज असलेला चांगला.

मंगली एकदा रंजीताच्या अंगणात येऊन बसली. दोघी टोळंबी फोडत होत्या. मोहाच्या बिया फोडताना हात चालत राहतात, त्यामुळं बोलणं सोपं जातं.

"सराले मीच सांगितलं," मंगली म्हणाली. "तुले आधी सांगाले पाह्यजे होतं."

"मले सांगून काय झालं असतं?"

"तुझ्या पोरीले मी सोडून आली. ते माझ्या डोळ्यासमोरून जाऊन नाई राह्यलं."

रंजीतानं हातातली बी फोडली, गर टोपलीत टाकला. "तुझ्याजवळ बाकीची लेकरं होती," ती म्हणाली. त्यापेक्षा जास्त तिला म्हणता आलं नाही. मंगलीनंही मागितलं नाही. टोपली भरेपर्यंत दोघी बसल्या.

भादवा सरता सरता रंजीताच्या एक गोष्ट लक्षात आली. चंदन सकाळी लवकर घराबाहेर पडू लागला होता. कुऱ्हाड खांद्यावर, कधी बांबू आणायला म्हणे, कधी कोणाची गाय चुकली म्हणे. एकदा तिची बारी होती. लेकरं घेऊन ती नाल्यावर आली तर पलीकडच्या उंचवट्यावर चंदन बसलेला. कुऱ्हाड बाजूला टेकवून. त्यानं रांगेकडे पाहिलं नाही. तो बांबूच्या दिशेला पाहत होता. रांग पुढं गेली, मागचं लेकरू वळणाआड झालं, तेव्हा तो उठला आणि वेगळ्या वाटेनं निघून गेला. संध्याकाळी पुन्हा तसाच.

पुनमनं त्याला पाहिलं होतं. घरी दोघींनीही विषय काढला नाही. तो रोज शुद्धीत असतो की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि विचारावं असंही वाटत नव्हतं. बाजाराच्या दिवशी तो पिऊनच येई. बाकीच्या दिवसांचं तिला सांगता आलं नसतं.

पुढं एकदा झाडू कुमरेनं टाकीवर सांगितलं की सरांची गाडीही नाल्यापाशी थांबलेली त्यानं पाहिली होती. सर गाडीवरच बसलेले, चंदन उंचवट्यावर, दोघांत काही बोलणं नाही. थोड्या वेळानं सर गाडी चालू करून गेले.

मग कापूस फुटला. वेचणीच्या दिवसांत मोहगुडा पहाटेच रिकामा होतो. आंबेबोडीचे शेतकरी ट्रॅक्टर पाठवत, बायका-गडी त्यात बसून जात, दिवस मावळताना येत. वेचणी किलोवर असते. एक दिवस गेला तो गेला. सोबतीच्या बारीत खाडे पडायला लागले. एकजण दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला. एका बुधवारी सकाळी लेकरं ओट्यावर उभीच राहिली आणि शेवटी इतवारीबाबा दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना घेऊन गेला. परतायला त्याला दुपार झाली आणि पुढं दोन दिवस तो उठला नाही.

त्या आठवड्यात सरांचा निरोप आला. रंजीतानं वाचला. "उद्याची सोबत. कोणाचेही नाव मिळाले नाही. सोबत नसेल तर मुलांना शाळेत पाठवू नये. सोमवारपासून चाचणी परीक्षा आहे. याची कृपया सर्वांनी आठवण ठेवावी."

मग तिनं ते गोंडीत सांगितलं. कोलू म्हणाला, त्याचा मुकादम एक दिवसही सोडत नाही. झाडू म्हणाला, त्याची बायको आजारी. प्रत्येकाचं खरं होतं. रंजीताच्या ओठांवर एक नाव आलं होतं, पण ते आपल्या तोंडून काढायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"चंदनले सांगा," मंगली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कोलूनं जरा जास्तच.

"तो रोज सकाळ-संध्याकाळ तिथीच बसते," मंगली म्हणाली. "सगळ्यायनं पाह्यलं आहे. बसते तं चालू दे ना संगं. मी त्याच्या जोडीले जाईन, माझी वेचणी बुडाली तं बुडाली."

"अन् प्यायला तं?" कोलूनं विचारलं.

तेव्हा इतवारीबाबा बोलला. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. "सकाळी माझ्या अंगणात येऊ दे त्याले. संध्याकाळी जायच्या आधीही. मी तोंड हुंगून पाह्यतो. वास आला तं जायचं नाई, नाई आला तं जायचं. त्यात काय एवढं."

हे रंजीतालाच घरी जाऊन सांगावं लागलं. चंदननं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा काळवंडला.

"मी काय बैल आहो, तोंड उघडून दाखवाले?"

"नको जाऊ मग."

"तुले काय वाटते?"

रंजीता भाकर थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली, हात धुतले. "पुनमची परीक्षा आहे सोमवारी," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाचं काय ते तू पाह्य."

सोमवारी सकाळी चंदन उठला, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. रंजीता दारात उभी राहून पाहत होती. इतवारीबाबाच्या अंगणात लेकरं जमली होती, मंगली होती, ट्रॅक्टरची वाट पाहणारे गडीही होते. चंदन म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. रंजीताला वाटलं होतं की इतवारीबाबा नुसता हात हलवून जा म्हणेल, मान राखेल. पण त्यानं तसं केलं नाही. चंदनला त्यानं खाली वाकायला लावलं, तोंड उघडायला लावलं आणि नाक जवळ नेऊन नीट हुंगलं. मग मागं टेकला.

"जा," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. कोलूनं तोंड फिरवून ट्रॅक्टरच्या रस्त्याकडे पाहिलं. चंदन सरळ उभा राहिला, लेकरांच्या मागं गेला आणि रांग निघाली. पुढं मंगली, मागं चंदन. पुनम मधे होती. थोडं अंतर गेल्यावर ती रांगेतून बाहेर पडली, शेवटी आली आणि बापाच्या पुढं एक पाऊल चालू लागली.

वेचणी संपेपर्यंत हे असंच चाललं. रोज दोनदा हुंगणं, रोज जा. एकदा, फक्त एकदाच, इतवारीबाबानं मान हलवली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. चंदन म्हणाला, आज प्यालो नाही, कालचा वास आहे. इतवारीबाबा म्हणाला, वास तो वास. त्या दिवशी रंजीता ट्रॅक्टरमधून उतरली आणि लेकरांसोबत गेली. भांडण झालं नाही. चंदन दिवसभर घरामागं लाकडं फोडत होता, लागणार होती त्यापेक्षा जास्त.

चाचणीत पुनमला गणितात चांगले मार्क पडले, बाकी विषयांत बरे. सरांनी गटावर सगळ्यांचे मार्क न टाकता पालकांना शाळेत येऊन पाहायला सांगितलं. रंजीताला ते बरं वाटलं.

पौषात वनरक्षक सांगून गेला की कॅमेऱ्यात वाघ दिसत नाही, तो बहुतेक तेलंगणाच्या अंगाला सरकला असावा. बहुतेक, असंच तो म्हणाला. लेखी कोणी देत नव्हतं. त्यामुळं सोबत तशीच चालू राहिली. संक्रांतीच्या सुमारास सरांच्या निरोपात चंदनचं नाव इतरांसारखं यायला लागलं, महिन्यातून दोन-तीनदा, कधी कोलूसोबत, कधी झाडूसोबत. ते कधीपासून हे कोणी जाहीर केलं नाही. इतवारीबाबाचं हुंगणंही आपोआप बंद झालं. एक दिवस चंदन त्याच्या अंगणात गेला तर म्हातारा झोपलेला होता, आणि उठवायला कोणाला धीर झाला नाही.

होळीला गुड्यात दारू होतीच. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चंदन मंगलीच्या अंगणातून घरी आला. चालत नीट होता, पण रंजीतानं त्याचे डोळे पाहून ओळखलं. ओट्यावर बसून तो म्हणाला, "उद्याची सोबत कोणाची आहे?"

"तुझी अन् झाडूची."

"सराले लिहून दे, मी नाई येत म्हणून."

"काय लिहू? काम आहे म्हणून?"

अंगणात पुनम गुलालाचं पाणी एका फुटक्या बादलीत ढवळत होती.

"पिली म्हणून लिही," तो म्हणाला. "अजून पिणार आहो. उद्यावरी वास जात नाई."

रंजीतानं मोबाईल घेतला आणि टाकीवर गेली. रंगाचा दिवस म्हणून तिथं कोणी नव्हतं. तिनं लिहिलं, 'सर, उद्या चंदन सिडाम सोबतीला येणार नाहीत. आज होळीची दारू घेतली आहे. दुसऱ्या कोणाचे नाव टाकावे.' पाठवण्याआधी ती थोडी थांबली. हे गटावर जाणार, सगळे पाहणार. मग तिच्या लक्षात आलं की गटावर कोणी पाहत नाही, ती वाचून दाखवते तेव्हाच कळतं. तिनं पाठवून दिलं.

सरांचं उत्तर लगेच आलं. 'ठीक आहे. उद्याची सोबत: झाडू कुमरे, कोलू मडावी. होळीच्या शुभेच्छा.' खाली आणखी एक ओळ होती, की चौथीच्या मुलांनी पाचवीत कुठं जायचं ते पालकांनी या महिन्यात ठरवून कळवावं. पाचवीसाठी वसतिगृहाची शाळा गडचांदूरला आहे, जागा थोड्या असतात.

रंजीता ते पुन्हा एकदा वाचून घरी आली. चंदन ओट्यावरच झोपला होता. पुनमच्या हातापायांवर गुलाल वाळला होता. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, आणि नाल्यापलीकडे मोहाची फुलं पडायला सुरुवात झाली होती. उद्या सकाळी मंगलीसोबत वेचायला जायचं ठरलं होतं. रंजीतानं टोपल्या शोधून काढल्या. गडचांदूरच्या शाळेचं चंदन उठल्यावर त्याच्याशी बोलायचं, असं तिनं ठरवलं, आणि टोपलीचा सुटलेला काठ बांबूच्या कामटीनं बांधायला बसली. पुनम येऊन शेजारी बसली आणि कामटी धरून राहिली.